घोड्याचं आतडं कसं चालतं आणि ते चालतं कसं ठेवायचं

बैल आणि घोडा एकाच गोठ्यात बांधलेले असले की दोघांना एकाच गंजीतला कडबा आणि एकाच पोत्यातला खुराक पडतो. बैलाला तो सोसतो. घोड्याला मात्र त्याच खाण्यावर एखाद्या रात्री शूळ उठतो आणि सकाळपर्यंत प्रकरण हाताबाहेर जातं. दोष चाऱ्याचा असतोच असं नाही. बैलाच्या शरीरात जंतूंचं कोठीपोट सुरुवातीलाच असतं. आत आलेलं सगळं आधी तिथे आंबतं, रवंथ होऊन बारीक होतं आणि मग आतड्यात उतरतं. घोड्याचं जठर एकच आणि लहान, आणि चारा आंबवायची जागा आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. बैलाच्या पोटात वाटेत दुरुस्त होणारी चूक घोड्यात थेट शेवटपर्यंत जाते.

कुत्रा, डुक्कर, ससा, गाढव, खेचर आणि माणूस हे सगळे एका जठराचेच, पण त्यांची आतडी सारखी नाहीत. कुत्र्याचं आतडं शरीराच्या मानाने आखूड आणि अंधनाल (लहान आतड्यानंतर लागणारी, एका टोकाला बंद पिशवी) नावापुरती, कारण त्याचं बहुतेक खाणं लहान आतड्यातच पचून संपतं. डुकराचं मोठं आतडं थोडाफार पाला-चारा आंबवतं. ससा आणि घोडा मात्र जगतातच मागच्या आंबवणीवर. खान्देशात घोडा पाळणारे बरेच आहेत आणि सारंगखेड्याच्या यात्रेमुळे दरवर्षी नवे होतात, म्हणून पुढची सगळी मापं घोड्याची दिली आहेत. गाढव-खेचराला तत्त्व तेच, मापं वजनाप्रमाणे कमी धरा.

तोंडापासून लिदीपर्यंत

पचन दातांपासून सुरू होतं, आणि घोड्याच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्याला चावण्याची दुसरी संधी मिळत नाही. एक किलो वाळलेला चारा खाताना तो सुमारे तीन हजार वेळा जबडा फिरवतो. एक किलो धान्य मात्र हजारेक वेळा चावून गिळतो. घोड्याची लाळ फक्त चावताना सुटते, एरवी नाही. दिवसभर चारा खाणाऱ्या मोठ्या घोड्याला ३५ ते ४० लिटर लाळ सुटते, आणि तिच्यातला क्षार जठरातलं आम्ल शमवतो. म्हणजे धान्य जास्त आणि चारा कमी केला की लाळ कमी, आणि आम्ल मोकळं.

जठर ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, घोडा खात असो वा नसो. जठराच्या वरच्या भागाला संरक्षक अस्तर नाही, त्यामुळे रिकाम्या पोटी पळवलेल्या घोड्याच्या जठरात आम्ल उसळून त्या भागाला लागतं आणि व्रण होतात. म्हणून रपेटीला किंवा मिरवणुकीला नेण्याआधी किलोभर चारा खाऊ द्यावा. अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप इतकी घट्ट असते की घोड्याला उलटी होत नाही. जठर गच्च भरलं आणि पुढची वाट बंद झाली तर ते फुटतंच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शूळ उठल्यावर काय करायचं नाही ते हिच्यावरून ठरतं.

लहान आतडं सुमारे २० मीटर लांब, पण अन्न त्यातून झपाट्याने जातं, साधारण एक ते तीन तासांत. पिष्ट (स्टार्च), प्रथिनं आणि स्निग्धांश यांचं पचन इथेच व्हायला हवं. घोड्याला पित्ताशय नाही, पित्त सतत थेंबथेंब उतरत राहतं. पिष्ट फोडणारं विकरही घोड्यात इतर प्राण्यांच्या मानाने कमी असतं. गडबड सुरू होते ती इथूनच. एका वेळेला जास्त धान्य घातलं की न पचलेलं पिष्ट पुढे सरकतं.

पुढे उजव्या कुशीत अंधनाल लागते, डॉक्टर तिला सीकम म्हणतात. साधारण मीटरभर लांब, २५ ते ३५ लिटरची ही पिशवी खालच्या टोकाला बंद असते. आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन्ही तोंडं वरच्याच बाजूला, जवळजवळ. म्हणजे आलेला माल खालपर्यंत जाऊन, घुसळून, उताराविरुद्ध वर ढकलावा लागतो. त्यानंतर तीन-चार मीटर लांबीचं, ५० लिटरपेक्षा जास्त मावणारं मोठं आतडं. ते पोटात मावावं म्हणून दुहेरी घडी घालून ठेवलेलं असतं: उजवीकडून छातीच्या हाडाकडे, तिथून डावीकडे मागे, ओटीपोटाजवळ वळून वरच्या घडीतून पुन्हा पुढे, आणि परत उजवीकडे. ओटीपोटाजवळचं वळण सगळ्यांत घातक, कारण तिथे रुंद नळी एकदम अरुंद होते आणि उलटी फिरते. कोरडा, जाड माल अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. या वळणाला पेल्विक फ्लेक्शर म्हणतात. डॉक्टर गुदमार्गातून हात घालून डाव्या बाजूला चाचपतात ते हेच.

अंधनाल आणि मोठं आतडं मिळून चाऱ्यातला तंतू जंतूंकडून आंबवून घेतात. त्यातून निघणारी ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं रक्तात शोषली जातात, आणि चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याची निम्म्याहून जास्त ऊर्जा यांतूनच येते. शेवटी लहान व्यासाचं आतडं उरलेलं पाणी ओढून लिदीचे गोळे वळतं. तोंडात गेलेला चारा बाहेर पडायला एकूण ३६ ते ७२ तास लागतात. म्हणून आज बिघडलेल्या लिदीचं कारण परवाच्या खाण्यात शोधायचं.

आतडं हलतं म्हणजे नेमकं काय होतं

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आत गोलाकार आणि बाहेर लांबीचा. दोन्हींच्या मधे चेतातंतूंचं जाळं पसरलेलं असतं. मेंदूचा हुकूम आला नाही तरी हे जाळं स्वतःचं काम चालवतं. १८९९ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्यावर दाखवून दिलं की एका जागी घास आला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल पडतो. घास पुढे जातो तो या आवळण्या-सैलावण्यामुळे. ठेका देणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, काहाल या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काहालच्या पेशी. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला त्यांच्या लहरी मिनिटाला सुमारे १८ येतात, माणसात १२. प्रत्येक लहरीला आतडं आवळतंच असं नाही. लहर फक्त संधी देते, आवळायचं की नाही हे चेतातंतू आणि संप्रेरकं ठरवतात.

हालचाली मुख्यतः चार प्रकारच्या. पुढे ढकलणारी लाट. जागच्या जागी आवळून माल घुसळणारी, जिच्यामुळे पाचकरस मिसळतात आणि अन्न भिंतीला लागून शोषलं जातं. पोट रिकामं असताना लहान आतड्यातून वरून खाली जाणारी झाडलोट, जी कुत्र्यात साधारण दोन तासांनी येते आणि उरलंसुरलं व साचलेले जंतू पुढे नेते. आणि चौथी, जी घोड्यात विशेष पाहावी, ती मागे ढकलणारी. मोठ्या आतड्याच्या खालच्या घडीत, ओटीपोटाच्या वळणाजवळून निघणाऱ्या लाटा जाड तुकडे परत मागे पाठवतात. बारीक झालेला माल वळणातून निसटतो, जाड माल पुन्हा जंतूंच्या हवाली होतो. चारा दोन-दोन दिवस आत थांबतो तो यामुळे, आणि दात खराब असलेल्या घोड्याचं आतडं तुंबतं तेही यामुळेच: जाडाभरडा माल वळण ओलांडू शकत नाही आणि त्याच्यातलं पाणी मात्र शोषलं जात राहतं.

आतड्याला चालना देणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. जठरात काही पडलं की मोठं आतडं हलतं, म्हणून चारा टाकल्यावर थोड्या वेळात घोडा लीद टाकतो. चालणं-फिरणं, पुरेसं पाणी आणि मीठ हे बाकीचे. थांबवणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत. वेदना आणि भीती आतड्याला ब्रेक लावतात. घामातून कॅल्शियम, पोटॅशियम गेलं की स्नायू ढिले पडतात. डोळ्यात वारंवार घातलेलं ॲट्रोपिनही घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावू शकतं. आणि गोचीड मारायला गुरांवर फवारतात ते ॲमिट्राझ घोड्यावर चुकूनही मारू नका. त्याने मोठं आतडं बंद पडून तुंबल्याच्या नोंदी आहेत. गाई-म्हशींना फवारून उरलेलं बादलीतलं पाणी घोड्याच्या अंगावर ओतणं ही खेड्यात सहज होणारी चूक आहे.

आतडं ऐकायचं कसं

दोन-अडीचशे रुपयांचा साधा स्टेथोस्कोप पुरतो. नसेल तर कान टेकवला तरी चालतं, फक्त लाथेच्या टप्प्यात उभं राहू नका, खांद्याकडून मागे सरका आणि एक हात पाठीवर ठेवा. सकाळी खुराक देण्याआधी, घोडा शांत उभा असताना ऐका.

जागा चार. डावी भकाळी, म्हणजे शेवटच्या बरगडीमागची वरची खळगी: इथे लहान आतड्याचा बारीक, पाणीदार गुडगुडाट. डावीकडे खाली, ढोपराच्या रेषेत: मोठ्या आतड्याचा जड, संथ आवाज. उजवी भकाळी: अंधनाल. इथे किमान तीन मिनिटं थांबा, कारण लहान आतड्यातला माल अंधनालीत उतरतो तो आवाज सतत येत नाही. दोन-तीन मिनिटांत एक-दोनदा, अर्धवट भरलेल्या टाकीत वरून पाणी सोडावं तसा लांब, पोकळ, घुमणारा आवाज येतो. चौथी जागा उजवीकडे खाली. बाकीच्या तीन ठिकाणी प्रत्येकी एक मिनिट पुरे.

घोडा निरोगी असताना आठवडाभर रोज ऐका आणि वहीत लिहून ठेवा. प्रत्येक घोड्याची चाल थोडी वेगळी असते, तुलना त्याच्याशीच करायची. चारही ठिकाणी पूर्ण शांतता म्हणजे आतडं थांबलं आहे, आणि सोबत घोडा अस्वस्थ असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा. उलट, आवाज एकामागून एक, दुरूनही ऐकू येतील इतके मोठे झाले तर आतड्याला पेटके येत आहेत. असा शूळ बहुधा लवकर शमतो. टिचकी मारल्यावर टणटण वाजणारी भकाळी म्हणजे वायू धरला. शेवटी छातीच्या हाडामागे, पोटाच्या अगदी तळाला पाच मिनिटं ऐका. वाळू साठली असेल तर हालचालीबरोबर सरसर असा आवाज येतो.

लीद बघा, मोजा, धुवा

निरोगी घोडा दिवसाला ८ ते १२ वेळा लीद टाकतो. सकाळी ठाणावर आल्यावर रात्रीचे ढीग मोजायची सवय लावा. रोज चार असतात आणि आज एकच आहे, तर शूळ उठायच्या आधीच खबर मिळाली. गोळे ओलसर, जमिनीवर पडताच फुटणारे हवेत. लहान, कडक, वर चिकट पांढरट थर असलेले गोळे म्हणजे माल आत फार वेळ थांबला आणि पाणी आटलं. गाईच्या शेणासारखी पसरट, आंबट वासाची लीद म्हणजे मागची आंबवण बिघडली, बहुधा एकदम वाढवलेलं धान्य किंवा हिरवा चारा.

मूठभर लीद बादलीत धुऊन गाळा. इंचापेक्षा लांब काड्या किंवा अखंड दाणे सापडले तर दात तपासून घ्या. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्यांची आतली कड धारदार होते, गाल आणि जीभ कापली जाते, आणि घोडा अर्धवट चावून गिळतो किंवा चाऱ्याचा चोथा तोंडातून टाकतो. वर्षातून एकदा दात कानशीने घासून घेणं हा आतड्याचाच इलाज आहे.

तापीच्या किंवा पांझरेच्या काठच्या वाळवट जमिनीवर चारा टाकत असाल तर वाळूची परीक्षा महिन्यातून एकदा करा. जमिनीला न टेकलेले ताजे पाच-सहा गोळे पारदर्शक बरणीत लिटरभर पाण्यात कालवा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तळाशी चमचाभर वाळू बसली तर ती जास्त आहे. चारा गव्हाणीत किंवा जाळीत द्यायला लागा, खाली रबरी पट्टी किंवा ताडपत्री अंथरा, आणि डॉक्टरांना विचारून दर किलो वजनाला १ ग्रॅम इसबगोल ओलसर कोंड्यात कालवून लगेच खाऊ घाला. आधी भिजत ठेवलं तर त्याचा लगदा होतो आणि घोडा तोंड लावत नाही.

वजन काढा, मग तोबरा भरा

अंदाजाने खुराक देणं हे बऱ्याच पोटदुखींचं मूळ आहे. टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, उत्तर किलोत येतं. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ३७७ किलो.

अशा घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेसात किलो कोरडं खाद्य लागतं. त्यातला चारा कधीही दीड टक्क्याखाली जाऊ देऊ नका: साडेपाच-पावणेसहा किलो कोरडं, म्हणजे वाळलेला चारा सव्वासहा किलो. तो तीन-चार भागांत द्या आणि सर्वांत मोठा भाग रात्री, कारण रात्रीच पोट सगळ्यांत जास्त वेळ रिकामं राहतं. दोन खाण्यांत चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर नको.

आपल्याकडे मुख्य चारा ज्वारीचा कडबा. घोड्याला त्याचं जाड बुडखं काढून टाका आणि उरलेल्याची एक ते दोन इंची कुट्टी करा. अगदी भुग्यासारखी बारीक केली तर घोडा न चावता गिळतो आणि लाळ सुटत नाही. उन्हाळ्यात कुट्टीवर पाणी शिंपडून अर्धा तास ठेवा. गव्हाचं काड एकूण कोरड्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापलीकडे नेऊ नका, त्याने वळणात तुंबतं. लसूणघास मिळाला तर दिवसाला दोन-तीन किलो हिरवा मिसळा, कडब्यात कमी असलेली प्रथिनं आणि कॅल्शियम त्यातून येतं. शेतातली ओली, कोवळी ज्वारी मात्र घोड्याला चारू नका, तिने मूत्राशय आणि मागच्या पायांच्या चेता बिघडतात.

आता धान्य. एका वेळेला दर किलो वजनाला १ ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये हे सुरक्षित माप. आपल्या ३७७ किलोच्या घोड्याला ते ३७५ ग्रॅमच्या आसपास होतं. मका आणि ज्वारीत सुमारे ७० टक्के पिष्ट, म्हणजे एका तोबऱ्यात अर्धा किलो एवढीच मर्यादा. जवाला साडेसहाशे ग्रॅम, ओटला साडेआठशे. ओटचं पिष्ट लहान आतड्यात चांगलं पचतं. कच्च्या मक्याचं फार कमी पचतं, म्हणून अख्खा मका कधीच नको. भरडून, शक्य असेल तर शिजवून द्या. हरभरा पूर्ण भिजलेला, फुगलेला असावा, अर्धवट भिजलेला पोटात फुगतो. कोंडा रोज बादलीभर नको. त्यात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असतं.

मर्यादा ओलांडली तर काय होतं ते नीट समजून घ्या. न पचलेलं पिष्ट अंधनालीत पडतं, तिथले पिष्टावर वाढणारे जंतू लॅक्टिक आम्ल करतात, आम्लता वाढते आणि तंतू आंबवणारे जंतू मरतात. मेलेल्या जंतूंचं विष सुजलेल्या भिंतीतून रक्तात जातं. मग पातळ लीद, शूळ, आणि दोन दिवसांत खुरांत जळजळ, घोडा टाचांवर भार टाकून उभा. धान्याचं पोतं फोडून घोड्याने पोटभर खाल्लं असेल तर तो वरकरणी ठीक दिसला तरी त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा, लक्षणांची वाट पाहू नका.

तीन गोष्टी गोठ्यात वेगळ्या ठेवा. पहिली, बुरशी लागलेला मका. कणसावर गुलाबी-पांढरी बुरशी करणाऱ्या फ्युजॅरियमचं विष घोड्याचा मेंदू वितळवतं आणि त्यावर औषध नाही. जळगाव-धुळ्यात खरिपाचा मका परतीच्या पावसात भिजला की हा धोका उभा राहतो. दुसरी, गुरांचं पशुखाद्य. त्यात मोनेन्सिन हे गुरांच्या खाद्यात मिसळायचं औषध असेल तर गाईला फायद्याची ठरणारी मात्राही घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. तिसरी, सरकीची ढेप. सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य बैलाच्या कोठीपोटात बांधलं जातं, एका जठराच्या प्राण्याला ती सोय नाही. डुकराला आणि कोंबडीला ते लवकर बाधतं. घोडा त्या मानाने सोसतो, तरी शिंगराला आणि गाभण घोडीला ढेप देऊच नये.

कोणताही बदल १० ते १४ दिवसांत करा. आज नव्याचा दहावा हिस्सा, दर दिवसाआड थोडा वाढवत. घोड्याला चव लागावी म्हणून हा वेळ लागत नाही. नव्या खाण्यावर जगणारे जंतू आत वाढायला लागतो.

पाणी

शंभर किलोला पाच लिटर हा सावलीत उभ्या घोड्याचा हिशोब, म्हणजे आपल्या उदाहरणात १९ लिटर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा काम करणाऱ्या घोड्याला याच्या दुप्पट-अडीचपट लागतं. वाळलेल्या कडब्यावर ठेवलेल्या घोड्याला हिरव्यावरच्यापेक्षा जास्त. हौद सावलीत असावा, रोज रिकामा करून घासावा. थंडीतही बेसावध राहू नका. धुळ्याची डिसेंबर-जानेवारीतली पहाट गार असते, गार पाणी घोडा कमी पितो, आणि तुंबल्याचे शूळ त्याच दिवसांत वाढतात. सकाळी कोमट पाणी दिलं तर तो जास्त पितो.

रोज साधं मीठ ३५ ते ४० ग्रॅम, घाम गाळला त्या दिवशी दुप्पट. मिठाने तहान लागते, आणि प्यायलेलं पाणी आतड्यात टिकतं.

वरातीच्या घोडीची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. संध्याकाळपासून चार-पाच तास बँड, फटाके, वर बसलेलं ओझं, तोंडात लगाम. ना पाणी, ना चारा. भीतीने आतडं आधीच मंदावलेलं, घामाने क्षार गेलेले. मग मध्यरात्री घरी आणून पाणी न दाखवता तोबरा भरून हरभरा. शूळ उठायला याहून चांगली तयारी असू शकत नाही. क्रम असा हवा: निघण्याआधी चारा आणि पाणी, वाटेत संधी मिळेल तिथे बादली, परतल्यावर चार-पाच लिटर पाणी, पंधरा मिनिटं हळू फिरवणं, पुन्हा पाणी, मग चारा. धान्य दुसऱ्या दिवशी. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज सोडून द्या, थोडं-थोडं करून हवं तेवढं पाजा.

यात्रेतून आणलेला घोडा

शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाड, काठियावाड आणि उत्तरेकडून घोडे येतात. दोन-दोन दिवसांचा ट्रकचा प्रवास, परका चारा, परकं पाणी, वर बाजाराची गर्दी. असा घोडा घेताना दातांइतकीच चौकशी खाण्याची करा: काय खातो, किती, किती वेळा, धान्य कोणतं. शक्य असेल तर त्याच्याच चाऱ्याची दोन-तीन पोती बरोबर घ्या आणि आपल्या कडब्यात मिसळत जा. वाटेत तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. घरी आल्यावर पहिले २४ तास फक्त चारा आणि पाणी. लीद पडली की नाही हे पाहिल्याशिवाय झोपू नका. नव्या घोड्याच्या लिदीची जंताच्या अंड्यांसाठी तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेच जंतनाशक वजनाप्रमाणे द्या. लहान आतडं अंधनालीला मिळतं तिथे चपटे कृमी साचतात आणि नेमकी तीच जागा तुंबवतात.

शूळ उठला तर

पुढचा पाय आपटणं, वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ उलटा करणं, लघवीला बसल्यासारखं ताणून उभं राहणं, पुन्हा पुन्हा बसणं-उठणं, लोळणं, घाम. यातली दोन लक्षणं दिसली की गव्हाण रिकामी करा, पाणी राहू द्या. मग मोजा. जबड्याच्या हाडाखाली, गालाच्या पुढच्या कडेला बोट ठेवून नाडी: विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर म्हणजे गंभीर, ऐंशीच्या वर म्हणजे जिवावरचं. श्वास ८ ते १६. अंगाचं तापमान ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस. हिरडीवर बोट दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. हिरडी गडद लाल किंवा निळसर, चिकट असेल तर तेही सांगा. शेवटची लीद कधी पडली, काय खाल्लं, आतड्याचे आवाज चारही ठिकाणी कसे, हे सगळं फोनवर सांगितलं तर डॉक्टर योग्य सामान घेऊन निघतात. ओळखीचे डॉक्टर नसतील तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

तोपर्यंत घोडा शांत पडून असेल तर पडू द्या. लोळत असेल तर मोकळ्या, मऊ जागेत नेऊन दहा-पंधरा मिनिटं चालवा. तासन्‌तास ओढत फिरवलं तर तो फक्त थकतो.

नाळीने (तोंडात घातलेल्या नळकांड्याने) तेल, ताक, सोड्याचं पाणी पाजू नका. मान वर करून ओतलेलं तेल फुप्फुसात जातं आणि शुळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. शिवाय जठर आधीच तुंबलेलं असेल तर वरून घातलेला प्रत्येक लिटर ते फुटण्याच्या जवळ नेतो. डॉक्टर नाकातून नळी घालतात ती आधी आतलं काढण्यासाठी, मग गरजेप्रमाणे आत सोडण्यासाठी. घरात पडलेलं वेदनाशामक इंजेक्शनही स्वतः टोचू नका. ते दुखणं झाकतं, आतड्याला पीळ पडलेला असेल तर तोही झाकला जातो, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

शूळ शमल्यावर घाई करू नका. लीद पडली, चारही जागी आवाज परतले आणि नाडी उतरली की दर दोन-तीन तासांनी मूठ-दोन मूठ हिरवं गवत किंवा भिजवलेली कुट्टी द्या. तुंबल्याचा शूळ असेल तर वाळलेला कडबा लीद मऊ पडायला लागल्यावर, तीन-चार दिवसांत हळूहळू पूर्ण मापावर आणा. धान्य आठवडाभर बंद ठेवा आणि सुरू करताना पहिल्या दिवशी शंभर ग्रॅमपासून करा.